दहाच्या गाडीचा डबा

मी चित्रकादंबऱ्या काढतो असं सांगितलं की नांदेडात समोरच्याचा चेहरा आधी कोरा होतो आणि मग एकदम खुलतो. "म्हणजे कार्टून!" पूर्वी मी वाद घालायचो. म्हणायचो, अहो, कार्टून वेगळं. ही दीड-दोनशे पानांची सलग गोष्ट असते, एकेका चौकटीनं पुढं सरकते, यातली माणसं रडतात, भांडतात, लग्नं करतात. समजावता समजावता चहा निवायचा आणि शेवटी तो माणूस म्हणायचा, "तेच की, कार्टून." आता मी कानाला खडा लावलाय. हो म्हणतो आणि चहा पितो. घरमालकांनी तर भाडेकरूच्या फॉर्मवर माझ्या व्यवसायापुढं परस्पर 'ड्रॉइंग मास्तर' लिहून टाकलं. म्हटलं राहू दे, तेवढीच इज्जत.

पोट मात्र कादंबऱ्यांवर चालत नाही. ते चालतं हृदयावर. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये जीवशास्त्राच्या ज्या छापील नोट्स वाटतात, त्यातल्या आकृत्या मी काढतो. हृदय, मूत्रपिंड, डोळा, जास्वंदीचा उभा छेद. मी स्वतः डॉक्टर झालो नाही, पण मराठवाड्यातल्या कितीतरी डॉक्टरांनी माझंच हृदय पाठ केलेलं आहे. लग्नकार्यात कुणी डॉक्टर भाच्याला मिरवायला लागलं की मी हे मुद्दाम ऐकवतो. सकाळी आकृत्या, दुपारनंतर माझी पानं, संध्याकाळी गोदावरीवर एक चक्कर, असा माझा दिवस जातो. मला तो आवडतो.

मी डॉक्टर व्हावं ही आप्पांची इच्छा होती. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव रेणापूर तालुक्यात, जमीन काळी, आणि आप्पा त्या जमिनीतले जाणते. नुसती मूठभर माती चोळून ते सांगतात की अजून दोन दिवस पेरणीची तिफण थांबवा. आमच्या भागात दहावीला बरे मार्क पडले की पोराला लातूरला 'टाकतात'. मलाही टाकलं. बारावीनंतरच्या परीक्षेत मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा आप्पांनी मला पुन्हा वर्षभरासाठी रिपीटर बॅचला घातलं. सकाळी सात ते एक क्लास, मग खोलीवर अभ्यास.

जेवण गावाहून यायचं. आमच्याकडं ही रीतच आहे. गावोगावच्या आया पहाटे उठून डबे करतात, कुणीतरी ते एसटीत कंडक्टरजवळ देतं आणि लातूरच्या स्टँडवर डब्यांची रांग लागते. पोरं क्लास सुटल्यावर येऊन आपापला डबा ओळखून उचलतात आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं गावाला परत जातो. माझ्या डब्यावर आप्पांनी लाल ऑइलपेंटनं एक बैल काढला होता. तो बैल बकरीसारखा दिसायचा, पण लांबून ओळखू यायचा. शेताकडं जाता जाता आप्पा रोज फाट्यावर थांबायचे, डबा स्वतः कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि "डॉक्टरसायबाचा डबा हाय, सांभाळून" असं बजावायचे.

आणि डॉक्टरसाहेब त्या वेळी स्टँडवरच बसलेले असायचे.

त्या वर्षी मी क्लासला गेलोच नाही. पहिले आठ दिवस गेलो, मग नाही. एका बॅचमध्ये एवढी पोरं कोंबलेली असत की एक कमी झाला तर कुणाच्या बापाला कळत नव्हतं. मी वही घेऊन स्टँडवर बसायचो आणि माणसं काढायचो. गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे, झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून पळणाऱ्या बाया, उभ्या उभ्या डुलक्या घेणारे कंडक्टर. समोरच्या गल्लीत एक पेंटर चाचा दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं रंगवायचे. त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "आदमी दिसतोय, पर बोज न्हाई दिसत. त्या बाईच्या डोक्यावर गठडं हाय ना? मग मान कुठं दबली? आधी बघ, बेटा. हाताला नको घाई लावू." त्यानंतर मी वर्षभर फक्त ओझी काढली. माझं कॉलेज म्हणायचं तर तेच.

आता माझ्या हुशारीचा नमुना ऐका. डबा नऊच्या सुमारास यायचा. मी समोरच बसलेला, भूक लागलेली, मग मी तेव्हाच जेवायचो. नळावर डबा नुसत्या पाण्यानं विसळायचो आणि त्याच गाडीच्या दहाच्या फेरीनं परत धाडायचो. मला वाटायचं, केवढा हा माझा समजूतदारपणा! मायला डबा लवकर मिळतो, संध्याकाळपर्यंत तो हरवायची भीती नाही. सात ते एक वर्गात बसलेल्या पोराचा डबा दहाला रिकामा होऊन निघतो कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

परीक्षेत जे व्हायचं तेच झालं. आप्पांनी मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. उलट गावात, पाहुण्यारावळ्यांत ते एकच वाक्य सांगत राहिले, "पोरानं जीव तोडून अभ्यास केला, नशिबात नव्हतं." मी नांदेडला बीएला गेलो, मग वर्षभर किनवटच्या एका निवासी शाळेत चित्रकला शिकवली, तिथल्या पोरांवर पहिली चित्रकादंबरी काढली, ती बऱ्यापैकी वाचली गेली. पंधरा-सोळा वर्षं झाली त्या परीक्षेला. आप्पांचं वाक्य मात्र तेच. भर पंगतीत त्यांनी ते म्हटलं की माझा घास तोंडातच फिरायचा.

म्हणून दुसरी कादंबरी त्या वर्षाची काढायची ठरवली. स्टँड, डबे, चाचा आणि क्लासला न गेलेला मी. खोटं बोलायला वर्ष लागलं होतं, खरं काढायला तीन लागली. प्रकाशकांचा पुण्याहून फोन आला की महिनाअखेरीपर्यंत अंतिम पानं द्या. मी त्यांना म्हटलं, आधी एका माणसाला दाखवायची आहेत. पुस्तक छापून आल्यावर दुसऱ्याच कुणाकडून आप्पांना ही गोष्ट कळावी, एवढा नालायकपणा मला करायचा नव्हता. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी पुस्तक थांबवणार होतो. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण मनाशी पक्कं होतं.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा मी पानांच्या झेरॉक्स घेऊन गावाला गेलो. आप्पा शेतात होते. धीर गोळा करायचा म्हणून आधी मायला दाखवायला बसलो. माय चौथी शिकलेली. ती चित्रांवर बोट ठेवून, अक्षरं जोडत वाचते. आप्पांचा बैल बघून पदर तोंडाला लावून हसली. मी क्लासला न जाता बाकावर बसलोय, हे पान आलं तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली. मला वाटलं तिला समजलंच नाही. मग डब्याचं पान आलं. सहा चौकटी. जेवणारा मी, नळ, डब्यातून उडवलेलं पाणी, कंडक्टरचा पुढं आलेला हात, स्टँडचं घड्याळ दहावर आणि निघालेली गाडी. पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं पान.

मायनं ते उलटून पालथं ठेवलं. "हे पान काढून टाक."

"का? चांगलं झालंय की."

"चांगलं झालंय म्हणूनच म्हणायले. काढ."

"माय, क्लासला गेलो न्हाई हे तर पुढं सगळंच हाय. आप्पाला ते कळणारच हाय. मग ह्या एका पानानं काय होतंय?"

"तुझं कळंल," माय म्हणाली, "माझं पन कळंल की."

मग तिनं सांगितलं. मी क्लास सोडला त्याच आठवड्यात, साडेअकराला डबा दारात आला तेव्हाच तिला कळलं होतं की पोरगं वर्गात नाही, स्टँडवर आहे. आप्पा दुपारी जेवायला घरी यायचे. त्यांना क्लासची वेळ पाठ होती, तेच तर मला सोडायला आले होते. डबा त्यांच्या नजरेला पडला असता तर पुढच्या गाडीनं ते लातुरात असते. म्हणून माय तो डबा ज्वारीच्या कोठीत, ज्वारीखाली दडवायची. घासायची पण नाही, कारण गाडीवरून आलेला डबा घासलेला कसा असेल? संध्याकाळची गाडी वाजून गेली की बाहेर काढायची आणि आप्पांच्या देखत घासायला घ्यायची. एक दिवस नाही, आठवडा नाही, वर्षभर.

"मला का बोलली न्हाईस?"

"काय बोलू? दोनदा सुट्टीला आलास तवा तुझी वही बघितली मी. एका बाईचं चित्र होतं, डोक्यावर बोचकं घेतलेली. बघून माझीच मान दुखली." ती पानं सारखी करत राहिली. "तुला वाटतंय तू लई हुशार. दहाच्या गाडीनं डबा धाडतंय येडं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी माझ्याच लबाडीचं ओझं कौतुकानं मिरवत होतो. माझ्या मूर्खपणापायी या बाईनं रोज नवऱ्यापासून लपवाछपवी केली होती, आणि आता तीच गोष्ट मी सहा चौकटींत सजवून गावापुढं मांडणार होतो. आप्पा माझ्यावर रागावले असते तर मी नांदेडला निघून गेलो असतो. तिला तर तिथंच राहायचं होतं, त्याच माणसासोबत, त्याच कोठीच्या शेजारी. मी तिला म्हटलं, बदलतो ते पान.

नांदेडला येऊन मी ते पान बदललं. घड्याळ सहावर नेलं, सावल्या लांब केल्या, गाडीचे दिवे लावले. चित्र म्हणून वाईट नव्हतं. पण त्यातला मी सकाळपासून भुकेला बसलोय असं कुठून तरी दिसत होतं, आणि ते खोटं होतं. डब्यात अन्न असताना मी संध्याकाळपर्यंत कधी थांबलो होतो? चाचांनी ते पान बघितलं असतं तर तेवढंच विचारलं असतं. तरी मी ते तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा गाव गाठलं.

या वेळी आप्पा घरीच होते. त्यांनी चष्मा पुसला, ओसरीवर मांडी घातली आणि बियाणं निवडावं तसं एकेक पान हातात घेऊन वाचायला लागले. माय शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली. मी उठून पाणी पिऊन आलो, परत बसलो, परत उठलो.

बरीच पानं झाल्यावर आप्पांनी मान वर केली. "क्लासला गेलाच न्हाईस?"

"न्हाई."

"एक दिस पन?"

"आठ दिस गेलो. सुरवातीचे."

ते हातातल्या पानाची घडी सरळ करत राहिले. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही न्हाई म्हणलात तर हे छापणार न्हाई मी." ते पुढं वाचत राहिले आणि डब्याच्या पानाशी आले. ते त्यांनी जरा लांब धरून बघितलं.

"निदान डबा तरी टाईमावर धाडत होतास," ते म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं. मला आठवतंय. मी यायचो तवा ही घासत बसलेली आसायची. तेवढी तरी इमानदारी ठेवलीस."

सगळ्या पुस्तकात एकच पान खोटं होतं आणि नेमकी त्याच पानावर मला शाबासकी मिळाली. मी खाली बघितलं. शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"ते पान खोटं हाय," माय म्हणाली.

"खोटं म्हंजी?"

"डबा दहाच्या गाडीनं यायचा. मी लपवत होते. पोरानं खरं काढलं होतं, मीच बदलाय लावलं." आणि तिनं सगळं सांगितलं, न थांबता, हातातली शेंग तशीच धरून. कोठी, ज्वारी, संध्याकाळचं घासणं. तिचा आवाज कापत नव्हता. माझा कापला असता.

आप्पांनी चष्मा काढून घरात ठेवला, चपला घातल्या आणि शेताकडं गेले. ताट वाढायची वेळ होती. माय दारापर्यंत गेली आणि परत आली. आम्ही दोघंही जेवलो नाही. दुपार टळून गेली. मी म्हटलं, जाऊन बघू का? ती म्हणाली, "बस गप. त्यांचं त्यांना येऊ दी." एवढ्या वर्षांच्या संसारात आप्पा न जेवता शेतात गेल्याचं मला आठवत नव्हतं. तिलाही आठवत नसावं, कारण ती सोललेल्या तुरी पुन्हा पुन्हा पाखडत होती. त्या दिवशी मला माझ्या पुस्तकाचा, चित्रांचा, सगळ्याचाच संताप आला. मनात आलं, चुलीत घालावीत ही पानं.

उन्हं उतरल्यावर आप्पा आले. हातात हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंढी. ती त्यांनी ओसरीवर टाकली, पाय धुतले आणि बसले. कितीतरी वेळ नुसते घाटे सोलून तोंडात टाकत राहिले.

"कोठीत ठेवायचीस?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"ज्वारीच्या?"

"हाव म्हणलं की."

"तरीच!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आख्खं साल भाकरीला लोणच्याचा वास. मी म्हणलं ज्वारीच तसली निघाली. बियाणं बदललं ना मी दुसऱ्या साली! चांगलं घरचं बियाणं, माझ्या बापापासूनचं. दिलं सोडून!"

माय आधी बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं ते आवरेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कसलं होतं हे मी विचारलं नाही. आप्पाही हसत होते, पण मध्येच थांबून "हसती काय? बियाणं गेलं की माझं," असं म्हणत होते. मीही हसलो. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

मग आप्पा ढाळ्याची काडी मोडत म्हणाले, "मला सांगितलं आसतंस तर काय केलं आसतं मी?"

"काय केलं आसतं?" माय म्हणाली. "पोराला धरून आणलं आसतं. औतामागं लावलं आसतं."

मला वाटलं आता ते नाही म्हणतील. लोक म्हणतातच, मी तसा नव्हतो, मला समजून घेता आलं असतं. आप्पांनी खरंच विचार केला. समोरच्या पानांकडं बघत, वेळ घेऊन, माती चोळून बघताना घेतात तसा.

"हाव," ते म्हणाले. "आणलं आसतं."

बस्स, एवढंच. पण मला एकदम कळलं की मी आज जो कुणी आहे, तो एका कोठीच्या झाकणामुळं आहे. माझ्या वहीमुळं नाही, चाचांच्या शिकवणीमुळं नाही. ते सगळं होण्याआधी कुणीतरी रोज साडेअकराला ज्वारीत हात घालून माझ्यासाठी एक दिवस वाचवत होतं, आणि मी समजत होतो की मीच सगळ्यांना फसवलं.

आप्पांनी ते सहाच्या घड्याळाचं पान उचललं आणि माझ्याकडं दिलं. "हे फाड. दहाचं लाव. आन् हिलाबी काढ, कोठीत डबा दडवताना. पर हिला इचारून." माय म्हणाली, काढ, पण कोठी आपली पत्र्याची आहे, कडीवाली, शहरातल्यासारखी काहीतरी काढू नकोस. मी तिथंच वही उघडली. ती उठून कोठीशी गेली, झाकण उचललं, वाकली, आणि खांद्यावरून आप्पांवर नजर ठेवून हात आत घातला. तिला ते अजून जसंच्या तसं येत होतं. तिची मान किती वाकते हे मी नीट बघून घेतलं, मगच काढायला लागलो.

आप्पा तिच्याकडं बघत होते. घाटे सोलायचे थांबले होते.

"बरं केलंस," ते हळूच म्हणाले. माझ्याशी नाही, तिच्याशी.

माय कोठीत वाकलेलीच होती. "काय? ऐकू न्हाई आलं."

तिला ऐकू आलं होतं. आप्पांनाही ते माहीत होतं. तरी ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.